चौथ्या स्टेजचा चंदा

तुमच्याही फोनवर तो मेसेज आला असेल. आधी फोटो: गालावर पट्टी, नाकात नळी, नजर कॅमेऱ्याकडे नाही. खाली मजकूर की मरीज गरीब घरचा आहे, तीन लहान लेकरं आहेत, 'टाटा'मध्ये ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, दिल खोल के इमदाद करें. मग पैसे पाठवायचा नंबर आणि 'आगे फॉरवर्ड करें'. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या दाराशी दोन पोरं चादर धरून उभी असतात आणि आत इमामसाहेबांनी त्याच माणसासाठी दुआ केलेली असते.

आपण देतो. याबाबतीत आपल्या समाजाला नावं ठेवायची सोय नाही. हातगाडीवाला २० ची नोट टाकतो, लूमवरचा कामगार आठवड्याच्या पगारातून १०० काढतो, आखातात गेलेला चुलतभाऊ तिकडून पाठवतो. मला या देण्याबद्दल आदरच आहे. माझं भांडण वेगळं आहे. त्या मरीजच्या तोंडात पहिला पांढरा चट्टा उठला, म्हणजे बहुधा काही वर्षांपूर्वी, तेव्हा त्याच्याकडे बघायला आपल्यातलं कुणी नव्हतं. त्या वेळी लागत होती एक टॉर्च, पाच मिनिटं, आणि तोंडात काय बघायचं हे ठाऊक असलेला एक माणूस. एवढं आपल्या मोहल्ल्यानं कधी उभं केलं नाही. आपल्याला पाझर फुटतो तो कॅन्सर चौथ्या स्टेजला पोहोचल्यावर.

यावर लगेच उत्तर येतं: तकदीर. ज्याच्या नशिबी लिहिलं त्याला होणार. मित्रांनो, हे उत्तर देणारी माणसं घराला कुलूप लावून बाहेर पडतात, मुलाला तापात डॉक्टरकडे नेतात आणि हज कमिटीचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या आधी भरतात. तकदीरवरचा त्यांचा भरवसा फक्त तोंडातल्या पुडीच्या वेळी जागा होतो.

थोडे आकडे बघू, कारण त्याशिवाय हे बोलणं म्हणजे नुसता बयान होईल. भारतात २०२२ या एका वर्षात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पुरुषांत पहिला नंबर तोंडाच्या कॅन्सरचा. बायकांत स्तनाचा पहिला, त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात लपून वाढतो, तिथे माणूस हतबल असतो हे समजू शकतं. पण हे तिन्ही कॅन्सर डोळ्याला दिसणारे, हाताला लागणारे किंवा साध्या तपासणीत कळणारे आहेत. तोंड तर आपण रोज आरशात बघतो.

आणि तपासणी किती जणांची होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की तुमची कधी तपासणी झाली का. गर्भाशयमुखाची झाली असं सांगणाऱ्या १०० मागे २ सुद्धा भरल्या नाहीत. स्तनाची आणि तोंडाची १०० मागे एकीचीही धड नाही. हा देशाचा आकडा आहे, सगळ्या जातिधर्मांचा. तेव्हा 'मुसलमान मागास, म्हणून असं' हा निष्कर्ष काढायला बसलेल्यांनी जरा थांबावं. पण इतरांचीही तीच दशा आहे म्हणून आपण सुटत नाही. चंद्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, दर जुम्याला जमणारी माणसं आपल्याकडे आहेत, एका मेसेजवर हलणारा मोहल्ला आपल्याकडे आहे. ही ताकद असूनही आपण ती मरणाच्या दारातच वापरतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं उजेडात तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. मशीन नाही, सुई नाही, रक्त नाही. बारावी-पदवी झालेली, काम शोधत नाक्यावर बसलेली पोरं आपल्याकडे काय कमी आहेत?

आता पुडीकडे येऊ. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. ओढणारे त्यात थोडेच आहेत, ३.८ टक्के. चघळणारे, गालात धरणारे, दातांना घासणारे २४.४ टक्के. विदर्भात खर्रा, इकडे मावा, कुठे गायछाप आणि चुना, बायकांची मिश्री, कुठे गुल. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या लूमवर १२ तासांची पाळी असते. खडखडाट इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. कापसाची धूळ घशात, रात्रपाळीची झोप डोळ्यांवर. अशा ठिकाणी माणूस गालात पुडी का धरतो हे कळायला विद्वान लागत नाही. ती झोप मारते, भूक मारते. म्हणून लूमवाल्याला उपदेश करायच्या आधी त्याच्या शेठला विचारायला हवं की पाळी आठ तासांची का नाही. तो वेगळा लढा आहे आणि तोही आपलाच आहे.

पण नाक्यावर बाइकला टेकून उभ्या असलेल्या २० वर्षांच्या पोराला कोणती रात्रपाळी आहे?

हा पोरगा सहसा सांगतो, 'भाई, मैं तंबाखू नहीं खाता, सादी सुपारी है.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की याच्याशीच जास्त भांडायचं आहे. सुपारी साधी नसते. कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच सुपारीला, तंबाखूचा कणही नसलेल्या नुसत्या सुपारीला, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात सिगारेटचा धूर आहे आणि ॲस्बेस्टॉसही. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य तोंडाच्या मऊ अस्तराखाली चिवट तंतू साठवायला लावतं. अस्तर पांढरट, कडक होत जातं. आधी तिखट झोंबायला लागतं. दावतीत सगळे बिर्याणी हाणत असताना एखादा जवान पोरगा दही-भात किंवा नुसता जर्दा मागतो, आणि सगळे हसतात, 'इसको मिर्ची लगती.' मग जांभई पूर्ण येत नाही. मग आपली तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घातली तर जात नाहीत, दोनच जातात, नंतर एक. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. एकदा कडक झालेलं अस्तर पूर्ववत होत नाही, आणि यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. वाचता वाचता तुम्ही तीन बोटं घालून बघितली असतील तर बरंच केलंत. आता शेजारी बसलेल्यालाही बघायला सांगा.

आणि आपण काय करतो? पाच-सहा वर्षांच्या मुलांना शाळेजवळच्या दुकानातून रंगीत कागदातली मिठी सुपारी घेऊन देतो. निकाहात, मंगनीत तबकातून सुपारी फिरवतो. पोरगं पुडीपर्यंत पोहोचतं तेव्हा ती चव त्याच्या जिभेला दहा वर्षं ओळखीची झालेली असते.

सिनेमाआधी पडद्यावर येणारा तो 'मुकेश' आठवतो ना? त्याच्या आवाजाची नक्कल आपण सगळ्यांनी केली आहे, त्याच्यावर मीम बनवले आहेत. तो नट नव्हता. आपल्या भुसावळचा खरा पोरगा होता, गुटख्याची सवय लागलेला, आणि २००९ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी गेला. मोठ्या माणसांचंही तेच. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं, आणि आपल्या या सवयीची खंत त्यांनी पुढे जाहीर सभांतून बोलून दाखवली. आर. आर. आबा राज्याचे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री होते. तंबाखूची सवय त्यांनाही होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनेच ते गेले. ज्याच्यासाठी मुंबईतलं कुठलंही हॉस्पिटल दार उघडून उभं राहिलं असतं, त्याची ही गत. तिथे मोमीनपुऱ्यातला वायरमन 'होगा तो देखा जाएगा' म्हणतो तेव्हा तो नेमकं कुणाच्या भरवशावर म्हणतो?

आता जरा घरच्या मोठ्यांशी बोलायचं आहे, अदब राखून.

तंबाखू हराम की मकरूह, हा वाद जुना आहे. अरब जगातल्या कित्येक उलेमांनी ती हराम ठरवली. आपल्याकडे बहुतेक जण मकरूहवर थांबतात. फिकहचा निवाडा करायचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. एवढंच सांगतो की 'मकरूह' या शब्दाचा मोहल्ल्यानं 'चालतं' असा तर्जुमा करून टाकला आहे. बयानात टीव्हीवर अर्धा तास जातो, मुलींच्या मोबाइलवर अर्धा तास जातो, केसांच्या कटिंगवरही पाच मिनिटं निघतात. पुडीवर दोन मिनिटं मिळत नाहीत. का मिळत नाहीत, याचं उत्तर कधी कधी पहिल्या सफमध्ये बसलेलं असतं.

बँकेच्या व्याजाचा रुपया मस्जिदीत चालत नाही हे लहान मुलालाही पाठ आहे. व्याज आलंच तर ते बाजूला काढून आपण शौचालयाच्या बांधकामाला वळवतो, इतकी आपली खबरदारी. पण पान मसाल्याच्या आणि गुटख्याच्या होलसेल धंद्यातून आलेली रक्कम मीनारला चालते, संगमरवराला चालते, इफ्तारीला चालते, आणि देणाऱ्याचं नाव फरशीवर कोरलं जातं. तोच शेठ पुढे त्या मरीजच्या चंद्यातही सगळ्यांत मोठा आकडा टाकतो आणि मोहल्ला त्याला दुआ देतो. हा हिशेब आपल्या ट्रस्टींनी एकदा बसून मांडावा: त्या शेठकडून आलं किती आणि त्याच्या मालामुळे दवाखान्यात गेलं किती. मी टपरीवाल्याबद्दल बोलत नाही. त्याच्याकडे दुसरा धंदा नाही, आणि त्याच्याच गालात पुडी असते.

सरकारची बाजूही सोडायची नाही. महाराष्ट्रानं गुटख्यावर पहिल्यांदा बंदी घातली ती २००२ मध्ये. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. मग नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पान मसाल्यावर पुन्हा बंदी आली. हा आदेश एका वेळी एक वर्षाचा असतो, त्यामुळे बंदी दरवर्षी नव्याने निघते. आणि पुडी दररोज मिळते. बाहेरच्या राज्यांतून येते, रात्री उतरते, सकाळी टपरीच्या फळीखालून निघते. कंपन्यांनीही वाट काढली: मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाईक हातावर दोन्ही एक करतं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या गेटवर उभं राहून १०० यार्ड मोजा. मोबाइलवर नकाशा आहेच. मग स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोर्चे आपण पुष्कळ काढतो, यासाठी एक निघालेला मला आठवत नाही.

दवाखान्याचंही तेच. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, हे सरकारचं स्वतःचं धोरण आहे. ती आरोग्य केंद्रात फुकट व्हायला हवी. मुस्लिम वस्त्यांत सरकारी सोयी कमी पोहोचतात, हे सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहून ठेवलं. तो अहवाल आपण भाषणात वापरतो. पण नगरसेवकाकडे जाऊन 'आमच्या वॉर्डातल्या केंद्रात या महिन्यात किती जणांची तोंडं तपासली' असं कितीदा विचारलं? माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. एका पुडीचे पैसे.

आणि ते पडद्यावरचे सितारे. पान मसाल्याच्या नावाची इलायची विकायला देशातले सगळ्यांत मोठे हिरो उभे राहिले, त्यात शाहरुखही आहे, ज्याच्या नावावर आपली पोरं जीव टाकतात. अक्षयकुमारनं एप्रिल २०२२ मध्ये लोकांची माफी मागून त्यातून अंग काढून घेतलं. शाहरुखच्या चाहत्यांनी आपल्या हिरोकडे तशी मागणी करायला हवी होती. आपण मात्र त्या जाहिरातीचे रील बनवत बसलो.

इथवर सगळं पुरुषांचं झालं. बायकांचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज खाली जातो, आणि त्या खाली गेलेल्या आवाजात माणसं मरतात.

खालाजानला छातीत गाठ लागते. दुखत नाही, म्हणून ती कुणाला सांगत नाही. सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाहीच, आणि नेमकी तीच दाखवायची असते. सहा महिन्यांनी सुनेला सांगते. सून नवऱ्याला सांगायला लाजते. मग लेडी डॉक्टर शोधण्यात दोन महिने, मग कुणी तरी सांगतं की सुई टोचली की कॅन्सर पसरतो, म्हणून बायोप्सी टाळण्यात चार महिने. मध्ये तावीज, मध्ये हिजामा, मध्ये कलौंजी. कलौंजी खाण्याला माझा विरोध नाही. पण इलाज करा ही शिकवण आपल्याच दीनमध्ये असताना कलौंजीच्या नावानं सोनोग्राफी टाळली जाते, त्याला आहे. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. पसरतो तो या वाया गेलेल्या वर्षामुळे.

परदा पाळूनही तपासणी होते, यासाठी दूर जायला नको. 'टाटा'च्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये एक अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी झालेल्या आणि काही आठवडे शिकवलेल्या बायका होत्या. साहित्य म्हणजे सिरक्यासारखं पातळ ॲसेटिक ॲसिड, कापूस आणि दिवा. गर्भाशयमुखावर ते लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं असाच एक अभ्यास झाला. तिथे एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केल्यावर पुढच्या आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या अभ्यासांवर आक्षेपही घेतले गेले, कारण तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांची तपासणी झालीच नाही. तो आक्षेप मला बरोबर वाटतो. म्हणून तर राग येतो: एवढी किंमत मोजून जे ज्ञान आपल्याच राज्यात मिळालं, ते आपल्याच गल्लीत आलं नाही.

एचपीव्हीचं नाव निघाल्यावर लशीचंही बोलू. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सगळे कॅन्सर या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतात. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस ९ ते १४ वयाच्या मुलींना, लग्नाच्या कितीतरी आधी द्यायची असते. यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, 'हमारी बच्चियां शरीफ हैं.' असतीलच. पण निकाह झाल्यावर नवऱ्याचा भूतकाळही घरात येतो आणि त्याची चौकशी मुलीच्या अब्बांनी केलेली नसते. दुसरी, खतना असल्यामुळे आपल्यात हा कॅन्सर होत नाही. खतन्यामुळे धोका काही प्रमाणात कमी होतो हे खरं आहे. संपतो हे खरं नाही.

तिसरी गोष्ट कुजबुजत सांगितली जाते: ही लस मुलींना वांझ करते, आपली लोकसंख्या कमी करायचा डाव आहे. पोलिओच्या थेंबांबद्दलही हेच बोललं गेलं होतं. गोवराच्या लशीबद्दल बोललं गेलं, आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत गोवरानं मुलं दगावली. त्या मुलांच्या दफनाला अफवा पसरवणारा आला होता का, कुणी बघितलं नाही. मलेशियात ही लस २०१० पासून शाळेत देतात. बांगलादेशानं २०२३ मध्ये सुरू केली. पाकिस्तानात सप्टेंबर २०२५ मध्ये मोहीम निघाली तेव्हा तिथेही हीच अफवा उठली, आणि त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मुलीला लस देऊन दाखवली. मुसलमानांची संख्या घटवायचा डाव या तिन्ही सरकारांनी मिळून रचलाय असं कुणाला म्हणायचं असेल तर बोलणं खुंटलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये हीच लस बाजारात आणली, ती २,००० रुपयांना एक डोस. मेहंदीच्या रात्रीचा डीजे यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

आता पैशाचं. 'शिबिराला जकात लागत नाही' असं ट्रस्टी सांगतील, आणि त्यात तथ्य आहे. हनफी मसलकात जकातीला तमलीकची अट आहे, म्हणजे पैसा गरीबाच्या हातात, त्याच्या मालकीचा व्हायला हवा. टॉर्च, तंबू, पोस्टर यांना तो लागत नाही. मान्य. पण सदक्याला ही अट नाही, इमदादीला नाही, जुम्याच्या चादरीला नाही. आणि इलाजासाठी जाणारा जो मोठा पैसा आहे, त्यातला बराच वाचू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपली माणसं अडतात कुठे? रेशनकार्डावर 'शेख', आधारवर 'शैख'. एकीकडे 'बी' लावलेलं, दुसरीकडे 'बेगम'. ऑपरेशन तोंडावर आल्यावर हे दुरुस्त होत नाही, मग चंदा. ज्या पोरांना फॉर्म भरता येतो त्यांनी ईदच्या सुट्टीत गल्लीतल्या प्रत्येक घराची ही दोन कार्डं शेजारी ठेवून बघितली, तर चार दिवसांचं काम आहे.

सोडणं जमत नाही म्हणणाऱ्यांना एक विचारायचं आहे. रमजानमध्ये सहरीपासून मगरिबपर्यंत, उन्हाळ्यात तर चौदा-चौदा तास, पुडी लागत नाही. पाणीसुद्धा लागत नाही. ही ताकद ३० दिवस असते आणि चाँदरातीला टपरीवर संपते. इफ्तारचा खजूर घशाखाली उतरायच्या आत गालात पुडी भरणारे आपण पाहतोच. निकोटिनची तलफ पहिल्या काही दिवसांत सगळ्यांत जास्त असते, मग उतरते, आणि रोजेदारानं दिवसातले चौदा तास तर आधीच काढलेले असतात. उरलेल्या दहा तासांसाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे. दिवसा तिथे फोन करा, किंवा चौघे मिळून सोडा म्हणजे एकमेकांवर नजर राहील. १० रुपयांच्या दिवसाला सहा पुड्या खाणारा वर्षाला २१,९०० रुपये थुंकतो. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना हाही आकडा त्याच वहीत लिहा.

मस्जिदीच्या कमिटीकडे मागायचं ते फार नाही. महिन्यातला एक जुमा, नमाजनंतर अर्धा तास, दाराशी एक टेबल, मोहल्ल्यातला एक डेंटिस्ट आणि त्याच्यासोबत टॉर्च धरायला शिकलेली चार पोरं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कमी उघडणारा जबडा दिसला की नाव लिहून पुढे पाठवायचं, आणि तो माणूस खरोखर हॉस्पिटलला गेला का हे पुढच्या जुम्याला विचारायचं. बायकांसाठी हेच मदरशात, बायकांच्याच हातून. आणि चंद्याचा हिशेब जिथे लावता, त्या फळ्यावर महिन्याला किती तोंडं तपासली तो आकडाही लावायचा. कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते आज मगरिबनंतर विचारून घ्या. जाताना एकटे जाऊ नका, बहिणींना बरोबर न्या. त्यांना आत बसू देत नसतील तर बैठक मदरशाच्या हॉलमध्ये घ्यायला सांगा.